घरची चिंधी

गॅविन लॉरीनं गोळी ठासायचा गज नळीतून उपसून बाजूला ठेवला, बंदूक खांद्याला लावली आणि श्वास रोखला. सव्वाशे पावलांवर ओकच्या खोडाला टेकवलेल्या फळीवर कोळशानं इंग्लंडच्या राजाच्या शिपायाचा कोट काढला होता. त्याच्या मधल्या बटणावर गोळी लागायला हवी होती. त्यानं चाप ओढला. धूर विरला तेव्हा फळी जशीच्या तशी उभी होती.

रांगेतल्या सँडी पॅटनला राहवलं नाही.

“गॅविन, लेका, फळी इकडं आहे. तिकडं तुझ्या सासूचं घर!”

सगळं मैदान खदखदून हसलं. गॅविनचे कान तापले.

बॉस्टनला राजाच्या फौजेनं रक्त सांडल्याची बातमी डोंगर ओलांडून आली, तेव्हा कप्तान टेटनं त्या फौजेशी लढायला दरीतून चाळीस बंदूकवाले मागितले. आले सत्तर. नाही म्हणून कोणाला दुखवायचं? कप्तानानं तोडगा काढला: प्रत्येकाला दोन गोळ्या, आणि ज्यांची गोळी बटणाजवळ लागेल ते चाळीस जण निघतील. एकोणचाळीस जागाच खऱ्या, असं लोक म्हणत होते. एक तर गॅविनची ठरलेलीच होती.

गॅविनला मात्र जायचं नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मागल्या शरदात तो ओहायोकाठच्या लढाईला गेला, तेव्हा एल्स्पीनं भरल्या दिवसांत एकटीनं मका काढला होता. तो परतला तेव्हा मुलगी बारा दिवसांची झाली होती. आता कुठं ती पोर त्याच्या दाढीला न घाबरता त्याच्याकडं झेपावू लागली होती. पण दरीतला पहिला नेमबाज घरी बसला, तर लोक तोंडात शेण घालतील. आणि एल्स्पी तरी कुठं जाऊ नकोस म्हणाली होती? तिनं मुकाट्यानं अंगरखा शिवला, अक्रोडाच्या सालीत रंगवला, आणि नेहमीसारख्या चिंध्या कापून बंदुकीच्या दस्त्यातली पितळी डबी भरून दिली.

नेम चुकला तर बंदुकीला शिव्या घालण्याआधी चिंधी बघावी, हे त्या दरीत कोणाला शिकवावं लागत नाही. चरबी लावलेल्या चिंधीत गोळी धरून नळीत ठासायची. बार उडाला की चिंधी थोड्या अंतरावर गवतात पडते, आणि काय चुकलं ते तीच सांगते. गॅविननं जाऊन ती शोधून काढली. मधोमध जळकं भोक, कडांच्या दशा झालेल्या. कापड जुनं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. एका कडेला निळी रेघ होती.

पोरीचं दुपटं. असल्या चिंधीतून गोळी सरळ जाणं शक्यच नव्हतं, आणि हे एल्स्पीला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, त्याच्या चिंध्या तीच कापत आली होती.

त्याला राग आला. चारचौघांत असं हसं? त्यानं वळून बायकांच्या चुलाणाकडं पाहिलं. एल्स्पी पोरीला कडेवर घेऊन मक्याच्या भाकरीसमोर उभी होती. भाकरी करपत होती, तरी तिला भान नव्हतं. ती त्याच्या हातातल्या चिंधीकडं बघत होती.

गॅविन जागेवर परत आला. योस्ट लोहार शेजारीच उभा होता. माणूस जर्मन, अंगानं दांडगा, मनानं लोणी.

“दाखव ती चिंधी,” योस्ट म्हणाला. “अरे, ही तर सडकी आहे! ही घे माझी, कोरी.”

“नको. घरचीच बरी.”

गॅविननं डबी उघडली. बोटं चिंध्यांतून तळापर्यंत गेली, तिथं जरा थांबली. मग त्यानं सगळ्यात वरची उचलली, चरबी लावली, गोळी ठासली आणि नेहमीच्या काळजीनं नेम धरला.

ही गोळी फळीच्या हातभर वरून गेली.

“म्हातारा झाला रे आपला गॅविन!” सँडी ओरडला. “त्याला चष्मा आणा कोणीतरी!”

“आधी तुझ्या बायकोला दे,” गॅविन म्हणाला. “लग्नात तिनं तुला नीट पाहिलं नसणारच.”

या वेळी हशा सँडीवर झाला. तरीही आजचा नेम पुढची वीस वर्षं आपल्याला ऐकवला जाणार, हे गॅविनला पक्कं कळलं होतं, आणि ते बोचतही होतं.

दुपारी चाळीस नावं वाचली गेली. सँडीचं होतं, योस्टचंही होतं. योस्टच्या अंगात भोकं पडलेला लोहारकामाचा सदरा होता. अंगरखा शिवून द्यायला त्याला बायको नव्हती. गॅविननं आपला नवा अंगरखा उतरवून त्याच्या खांद्यावर टाकला.

“धडका परत आण.”

“अंगरखा की मी?” योस्टनं विचारलं.

“दोघंही.”

गॅविन आणि एल्स्पी पोरीला घेऊन घरी निघाली. ऊन उतरलं होतं. बांधाकडेला जवस कापणीला आलं होतं. उद्यापासून हात घालावा, असं गॅविनच्या मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं. तो शीळ घालू लागला.

ओढ्यात पाऊल टाकल्यावर एल्स्पी थांबली.

“हसले ना रे तुला,” ती म्हणाली. “मला ऐकवेना.”

“हसू दे.”

“तळाला दोन चांगल्या ठेवल्या होत्या मी. अंगरख्याच्या उरलेल्या कापडाच्या. तुला जायचंच असेल तर आपण कोण अडवणार, म्हणून. वाटलं, दुसऱ्या खेपेला तरी तुझा हात तिथं जाईल.”

“गेला होता,” गॅविन म्हणाला.

ती घोटाभर पाण्यात तशीच उभी राहिली. गॅविननं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि हात पुढं केला.

“दे, पोरीला इकडं दे. दगड निसरडे आहेत.”