शवपेटीतला नट

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहराच्या नाटकघरात पहिल्या प्रयोगाआधी यश यावं म्हणून नट एकमेकांच्या ढुंगणावर गुडघा मारतात. चाळीस वर्षं राजे-सरदार रंगवलेल्या एन्सियोला यंदा प्रेताचं काम मिळालं होतं. तरीही तो रांगेत वाकून उभा राहिला. एक गुडघा बसला, की आपण अजून नटांत मोजले जातो, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्या मागे उभी असलेली तरुण नटी सायला म्हणाली, "अहो काका, तुम्ही कशाला वाकताय? मढ्याला कसला आलाय आशीर्वाद!"

सगळे खो खो हसले. एन्सियोही हसला, आणि गुडघा न बसताच शवपेटीत जाऊन आडवा झाला.

पडदा उघडला. नाटकात त्याची लेक झालेली सायला पेटीवर ओणवून रडू लागली आणि तिसऱ्याच वाक्याला अडली. प्रेक्षक चुळबुळ करू लागले. तिचा घाम त्याच्या गालावर टपकला.

"काका, पुढचं सांगा ना," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

एन्सियोला तिचं सगळं काम तोंडपाठ होतं. ओठ न हलवता बोलायची कलाही त्याच्यापाशी होती. त्याने श्वास रोखला आणि तो मेलेलाच राहिला.