खिचडी पार्टीचं शेवटचं कडवं

नाव त्यांनी ठेवलं होतं वैनगंगा संगीत पार्टी, पण त्या नावानं कोणी कधी हाक मारली असेल तर शपथ. सगळा मुलूख त्यांना खिचडी पार्टी म्हणायचा, तेही तोंड वाकडं करून. पोंभुर्ण्याकडचा नानाजी बेंजो वाजवायचा, घोटच्या पुढच्या जंगलातला लालसू ढोल गळ्यात घालून गोंडीत गायचा, आणि लालसूची बायको बुधरी मागून सूर धरायची. चाल झाडीतल्या दंडारीची, ठेका गोंडांच्या रेला नाचाचा आणि वर बेंजो. दंडारवाले म्हणत, हे आमचं नाही. रेला नाचणारे म्हणत, आमचंही नाही. सिनेमाची गाणी मागणाऱ्यांना तर यात काहीच सापडत नसे, मग ते कशाला बोलावतील बापडे!

मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटक सुरू व्हायच्या आधी, लोक जागा धरत असताना, यांना थोडा वेळ वाजवू देत. लोक शेंगा फोडत, एकमेकांची विचारपूस करत आणि गाणं कधी संपलं तेही त्यांना कळत नसे. बरीच वर्षं असंच चाललं. मधे कोणीतरी त्यांच्या एका गाण्याची कॅसेट भरून घेतली, तेवढंच. मग एक दिवस लालसूनं निरोप पाठवला की तो आता स्टेजवर गाणार नाही. लोकांच्या थंडपणाला कंटाळला असेल, असं समजून नानाजीनं कारणही विचारलं नाही. तो एका नाटक कंपनीत वाजवायला लागला. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता लालसूच्या घरी जाणं राहूनच गेलं, आणि गेल्या पावसाळ्यात लालसू वारल्याची बातमी आली.

आता गंमत पहा. त्या कॅसेटमधल्या ज्या गाण्याला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, ते आज चंद्रपूर-गडचिरोलीत वाजत नाही असं लग्न नाही. वरातीतले धुमाल बँडवाले वाजवतात, डीजेवाले वाजवतात. वडशाच्या एका नाटक कंपनीनं ते नाटकात घातलं आणि लोकांना वाटतं गाणं त्या कंपनीचंच. सगळ्यात नावाजला तो शेवटी येणारा बेंजोचा तुकडा. नवीन पोरगा बेंजो शिकायला बसला की आधी तोच हातात घेतो. कोणी बनवला, कोणाला ठाऊक नाही, आणि कोणाचं अडतही नाही.

त्या कंपनीत गाणारी करिश्मा मात्र सरळ मनाची निघाली. तिच्या आत्यानं सांगितलं की हे खिचडी पार्टीचं गाणं, तशी ती पत्ता काढत नानाजीच्या दारात आली आणि पाया पडली. म्हणाली, पोंभुर्ण्याच्या मंडईत मी हे पुरं गाणार, आणि गायच्या आधी माइकवर लालसूभाऊंचं नाव घेणार. फक्त शेवटचं कडवं तेवढं द्या. जुन्या कॅसेटमध्ये तिथं बेंजोखाली शब्दच ऐकू येत नाहीत.

नानाजीला भरून आलं. मातीला गेलो नाही, जिवंतपणी भेटलो नाही, निदान लालसूचं गाणं तरी त्याच्या नावानं पुरं व्हावं, एवढंच आता त्याला पाहिजे होतं. पण कडवं त्याला येत होतं कुठे? इतकी वर्षं सोबत काढून तो गोंडी शिकला नव्हता. लालसूला मराठी येत होती ना, मग भागलं! आणि त्या कडव्याचं म्हणाल तर नानाजीची खात्री होती की लालसू तिथं दर वेळी शब्द विसरतो. एका गावात एक बोलायचा, दुसऱ्या गावात भलतंच.

नानाजी वाढला झाडीपट्टीच्या नाटकात, स्टेजच्या पुढं वाजवणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. तिथली रीत अशी की नट अडकला, संवाद विसरला, तर वाजवणाऱ्यानं त्याच्याकडं पाहायचंही नाही, गुपचूप वाद्य वाढवायचं. पब्लिकला वाटतं संगीत रंगलं आणि नटाची अब्रू राहते. मागाहून त्याला बोलूनही दाखवायचं नाही. नानाजीनं आपल्या दोस्तासाठी हेच केलं. लालसू शेवटच्या कडव्यावर आला की हा बेंजो वाढवायचा, जीव तोडून वाजवायचा, आणि मनात म्हणायचा, वाचवलं गड्याला.

कडवं बुधरीला तरी येत असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी तो गाडी काढून वैनगंगा ओलांडून तिच्या घरी गेला. बुधरी अंगणात उडीद झोडत होती. तिनं पाणी दिलं, बाज टाकून दिली, एवढे दिवस कुठं होता असा एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं नानाजीला वाटलं. त्यानं करिश्माचं सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, "बाई, ते शेवटचं कडवं तुमाले येत असन ना? लालसू विसरे, ते."

बुधरीनं काठी खाली ठेवली. "तो काऊन विसरेल, भाऊ? ते कडवं बांधून ठेवलेलं नव्हतंच. समोर कोण बसले आहेत ते पाहून तो तिथीच बांधे."

मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्या गावात गाणं संपवताना समोरच्या माणसांना नावानं त्यात घेतात, आल्यागेल्याला घेतात, नाहीतर गाणं अर्धं राहिलं म्हणतात. लालसू परक्या मंडईत जायचा तेव्हा त्या एवढ्या गर्दीत त्याच्या ओळखीचा माणूस एकच असायचा.

"तुमच्यावरच बांधे तो," बुधरी म्हणाली. "अन् तुमी दर वेळी बेंजो वाढवून त्याले दाबत होते. त्याले वाटे, चारचौघात आपलं नाव याच्या गाण्यात आलेलं तुमाले आवडत नाई. मी म्हणो, इचारून घे. तो इचारे नाई. शेवटी म्हणे, त्याले लाज वाटते तर राहू दे, आपण गातच नाई."

नानाजीनं सांगायचा प्रयत्न केला. नाटकातली रीत सांगितली, मी त्याची अब्रू राखत होतो म्हणाला. बुधरीनं सगळं ऐकून घेतलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, आणि त्यानंच नानाजी जास्त खचला. ज्याला सांगायचं तो तर मातीत गेला होता.

एखादं कडवं आठवते का, त्यानं विचारलं. बुधरीनं हलक्या आवाजात गोंडीत दोन ओळी म्हटल्या. त्यांत आपलं नाव आलेलं त्याला ऐकू आलं, बाकीचं समजलं नाही. अर्थ आजही विचारावाच लागला.

"माही बोली नानाजीले येत नाई," बुधरीनं लालसूच्या ओळी मराठीत सांगितल्या. "पण माहा दम कुठी संपते, ते त्याले माह्या आधी समजते."

नानाजी बाजेवर बसून लहान पोरासारखा रडला. बुधरी आत जाऊन चहा ठेवायला लागली.

तेवढ्यात करिश्माचा फोन आला, कडवं मिळालं का म्हणून. नानाजीनं डोळे पुसले आणि तिला सांगितलं की शेवटी सगळी वाद्यं बंद ठेव, बेंजो तर बिलकुल नको. समोर बसलेल्यांची नावं घेऊन तिथंच दोन ओळी बांध, पहिलं नाव बुधरीबाईचं घे, मी तिला घेऊन येतो. करिश्मा अदबीनंच म्हणाली की लालसूभाऊंचं नाव मी शंभर टक्के घेते, पण तो तुकडा काढता येणार नाही, मालक ऐकणार नाहीत. पब्लिक त्याच्यासाठीच थांबते, वन्समोर त्यालाच पडतो. पोरगी खोटं बोलत नव्हती. नानाजीनं बरं म्हणून फोन ठेवला.

बुधरी चहा घेऊन बाहेर आली. "काय म्हणते ते पोरगी?"

"म्हणते," नानाजी म्हणाला, "लोकाईले बेंजोच आवडते."