अंगणात बसलेली टोयोटा

माझ्या नवऱ्याला, निकानोरला, गाडी चालवायची हौस कधीच नव्हती. त्याला हौस होती ती गाडीची किंमत ऐकायची. दर रविवारी तो आमची पांढरी टोयोटा धुऊनपुसून कोचाबांबा शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन उभी करायचा. गिऱ्हाईक आकडा सांगायचं, हा मान हलवायचा आणि दुपारी फुलून घरी यायचा. विकायची नव्हतीच मेल्याला.

शेजारच्या सेवेरोने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली होती, नवरीसारखी नटलेली. ती विकायला काढली तेव्हा लोकांनी कौतुकाने हात फिरवला, पण खिशात हात कुणी घालीना. तिचा एखादा भाग मोडला तर परदेशातून मागवावा लागायचा, आणि आमच्या गाडीचा कुठल्याही खेड्यात किराणा दुकानातसुद्धा मिळायचा. तेव्हापासून तर निकानोरचे पाय जमिनीला लागेनात.

आणि ती किंमत उतरू नये म्हणून आमचे हाल. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. गाडीत काही खायचं नाही. खडीच्या रस्त्याला तर जायचंच नाही, आणि माझं माहेर नेमकं डोंगरावर, खडीच्या रस्त्याच्या शेवटी. माझे वडील, आमचे ताता, बटाट्याच्या ट्रकमधून आम्हाला भेटायला यायचे. एकदा ताता त्याला म्हणाले, मला गाडीतून जरा चक्कर मारून आण. निकानोरने त्यांच्या चिखलाच्या वहाणांकडे बघितलं आणि पुढच्या वेळी नेतो म्हणाला. ताता हसले. त्यानंतरच्या पावसाळ्यातच ते वारले.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचा आत्मा नोव्हेंबरच्या एक तारखेला भर दुपारी घरी येतो. पहिल्या वर्षी तर त्याच्यासाठी टेबल भरून पाव मांडावेच लागतात, माणसांच्या आकाराचे, आत्म्याला बसून जायला घोड्यांचे, स्वर्गात चढायच्या शिडीचे. ते ट्रकमधून नेले तर वर पोचेपर्यंत चुरा. मी निकानोरला म्हटलं, गाडीने ने. तो म्हणाला, त्या रस्त्याने गेली की किंमत गेली. माझे वडील उपाशी परत जाणार आणि ह्याला किमतीची पडलीय! त्या दिवसापासून मी त्याचं सूप रांधायचं बंद केलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम बाजारात त्याच्याबरोबर गेले, चारचौघांत भांडायला. पण भांडायची वेळच आली नाही. एन्कार्ना नावाची बटाट्याची व्यापारीण आली, घेरदार परकर सावरत गाडीखाली वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कासेरो, हिच्या पोटाला एक ओरखडा नाही," ती बाजारात विकणाऱ्याला मारतात तशी हाक मारत म्हणाली.

निकानोर खुलला. एकदाही वाईट रस्त्यावर नेली नाही, म्हणाला.

"मग मी हिचे पैसे कशासाठी देऊ? टोयोटाला भाव आला तो तिच्या बहिणी डोंगरातून बटाटे ओढून धडधाकट परत आल्या म्हणून. तुझी ही अंगणात बसून त्यांच्या नावावर मिरवतेय."

ती निघून गेली. आजूबाजूचे विक्रेते हसले. निकानोरचा चेहरा असा पडला की मला, खरं सांगते, त्याची दया आली. रात्री नुसता म्हणाला, एक तारखेला पहाटे निघू. मी त्याला पुन्हा सूप वाढलं.

त्या रस्त्याने गाडीला काय झोडपलं म्हणता! प्रत्येक दगडाला निकानोर स्वतः कण्हायचा. एका ओढ्यात अर्धं चाक बुडालं, तिथे त्याने डोळेच मिटले. गाडी आपली घुरघुरत पलीकडे निघाली. माहेरी पोचलो तेव्हा तिचा पांढरा रंग कुठला ते शोधावं लागत होतं, आणि दुपार व्हायला अजून अवकाश होता.

मी आणि आई टेबल मांडायला लागलो. पाव सगळे धड होते. तेवढ्यात निकानोर आपल्या कोटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि तातांच्या फोटोसमोर ठेवलं. पावाची गाडी होती, चार चाकांची, चांगली परातीएवढी. भट्टीवाल्याकडे हा कधी जाऊन आला, मला पत्ताच नाही.

आईने विचारलं, "ही कशाला, बाबा? त्यांना घोडा आहे की."

निकानोर तिच्याकडे बघेना. "मी त्यांना एकदाही बसवलं नाही, आई. ही त्यांची. टोयोटाच करायला सांगितली. वर जाताना वाटेत बंद पडायला नको."

आई त्याचा हात धरून रडायला लागली, आणि मीही. मग तिने उठून घोड्याचा पाव बाजूला सारला आणि गाडी फोटोच्या अगदी जवळ सरकवली.