लाल फळांची कुंडी

"रुगाया, स्नूकनं आज दुधाला तोंड लावलं नाही," अंकल डॉल्फी म्हणाले, तरी रुगायाच्या हातातली कात्री थांबली नाही.

केपटाऊनच्या फुलबाजारात तिची तिसरी पिढी. कार्नेशनच्या फुलांची जुडी बांधली की मागून पिसासारखी हिरवी डहाळी खोचायची, ही आजीपासूनची सवय. त्या डहाळीला अख्खा बाजार फर्न म्हणे. अंकल डॉल्फी दर शुक्रवारी बायकोच्या थडग्यासाठी एक जुडी नेत. ती गेल्यापासून घरात बोलायला उरला होता एकच जीव, स्नूक हे माशाचं नाव मिरवणारा राखाडी बोका. महिन्यापूर्वी रुगायानंच आपल्या घरच्या ओट्यावरची त्याच फर्नची कुंडी त्यांना दिली होती. बोका दिसेल ते चावतो, त्याला बाधणार तर नाही, असं त्यांनी विचारलंही होतं. मांजरं फर्नात लोळतात हो अंकल, असं ती बेधडक बोलून गेली होती.

आत्ताही ती म्हणाली, पोटात केसांचा गोळा असेल.

"दोन दिवस ओकतोय. कुंडीतलं लाल फळ मात्र एकही ठेवलं नाही बेट्यानं."

ते गेले. सकाळपासून सुटलेल्या वाऱ्यानं बादल्या एकमेकींवर आपटत होत्या. शेजारच्या गाळ्यावरच्या वाशीलानं, घरी सात मांजरं पाळणाऱ्या बाईनं, सगळं ऐकलं होतं.

"लाल फळं? अगं, फर्नला कधी फळं धरतात का?"

रुगायानं बादलीतली एक डहाळी उचलून पाहिली. पस्तीस वर्षं ती फळं तिनं स्वतःच्या बोटांनी झटकली होती, आणि हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता. वाशीला सांगत होती, टोपलीत टांगतात ते खरं फर्न माझी मांजरं रोज कुरतडतात, काही होत नाही. हे शतावरीच्या कुळातलं. याच्या फळांनी मांजर ओकून ओकून बेजार होतं.

भर शुक्रवारी गाळा वाशीलावर टाकून रुगाया निघाली.

अंकलच्या घरी स्नूक त्यांच्या बायकोच्या रिकाम्या खुर्चीखाली पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. खिडकीत कुंडी हिरवीगार होती. गप्प राहिली असती तरी अंकलना कळलं नसतं, पण तिला ते जमेना.

"अंकल, हे फर्न नाही. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"तू सांगितलंस म्हणून मी निर्धास्त होतो," ते म्हणाले. रागानं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

फुलांच्या बादलीत टॉवेल घालून दोघांनी बोक्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरणं मांजर एकदोन दिवसांत उठून बसलं असतं. याचं वय पंधरा, मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यात ओकून अंगातलं पाणी गेलं. स्नूकनं रविवारपर्यंत वाट पाहायला लावली, आणि मग तो गेला.

पुढच्या शुक्रवारी अंकल येणार नाहीत, असं रुगायानं धरूनच ठेवलं होतं. ते आले, नेहमीच्याच वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून. आज दोन जुड्या मागितल्या. डहाळ्यांच्या बादलीकडे गेलेला हात तिनं चटकन मागे घेतला.

"खोच की," ते म्हणाले. "बायकोला आवडायचं ते. स्नूकच्या जुडीत मात्र नको."

तिनं दुसरी जुडी नुसत्या फुलांची बांधली. दोरा तीनदा सुटला. चौथ्यांदा अंकलनी गाठीवर बोट धरलं.