कडा माझी, रक्त हिरडीचे

मित्रांनो, वॉशबेसिनवरच्या काचेच्या फळीवर, टूथब्रशच्या पेल्याला टेकून पडलेला हा पितळी तुकडा म्हणजे मी, ट्रम्पेटचा जुना माउथपीस. खरे तर माझी जागा ट्रम्पेटच्या टोकाला, वादकाच्या ओठांवर. इथे कसा आलो ते सांगतो. फार बोलवत नाही आता, थकलो आहे.

एका लहान कारखान्यात पितळी सळई लेथवर फिरवून मला घडवले. आधी आतली वाटी कोरली, तिच्या तळाशी बारीक भोक पाडले आणि शेवटी ओठांना टेकणारी कडा गोल केली. लेथ चालवणाऱ्या टर्नरने तिच्यावरून नख फिरवले. ते कुठेही अडकले नाही. मगच चांदीचा मुलामा चढला.

मी ज्याच्या हाती आलो, तो नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य ट्रम्पेटवादकाच्या जागी बसे. वरचा सूर लावताना तो मला ओठांवर दाबी आणि ओठ समोरच्या दातांवर दाबले जात. म्हणजे सगळा भार अखेर दातांवर. टाळ्या त्याला मिळत. पण रुमालाने मला पुसताना तो "शाब्बास" म्हणे. मला तेवढे पुरे होते.

एके सकाळी सरावानंतर माझ्या कडेवर गुलाबी ओघळ दिसला. शेजारचा ट्रॉम्बोनवाला, ज्याला सगळे भोंगा म्हणत, हसला. "रक्त काढलंस? आता कुठे वादक झालास बघ!"

फुंकून वाजवणाऱ्या या मंडळींत असे रक्त मेहनतीची खूण मानले जाई. ओघळ रोजचाच झाला, तेव्हा मात्र दोष माझ्या माथी आला. टर्नरकडून कडा घासून घेतली, मुलामा पुन्हा चढवला. रक्त थांबले नाही. मग पुन्हा घासली. मी झिजत गेलो.

आतले मला दिसत होते. हिरड्या लाल आणि फुगलेल्या, दातांच्या मुळाशी कीटण, श्वासाला वास. हिरड्या मागे सरकल्याने दात लांब दिसू लागले होते. घासताना रक्त येते म्हणून त्याने तिथे ब्रश फिरवणेच सोडले होते. नेमके उलटे केले. जन्म तोंडाशी काढला, पण हे सांगायला मला तोंड नव्हते. आणि त्याला दुखत काहीच नव्हते. पुढे समोरच्या दोन दातांत फट पडली, वरचा सूर डळमळू लागला. पहिली खुर्ची जाणार हे दिसू लागले, तसा भोंगाही हसेनासा झाला.

एकदा चादरी बदलताना बायकोने उशीचा अभ्रा त्याच्यापुढे धरला. "अहो, हे डाग कसले?"

"माउथपीसची कडा लागते गं."

"झोपेत ट्रम्पेट वाजवता? मला तर नुसतं घोरणं ऐकू येतं!"

 झोपेच्या वेळी मी पेटीत बंद असे.

तरीही दंतवैद्य बाईंकडे जाताना त्याने मला पुरावा म्हणून खिशात घातले. बाईंनी मला बाजूला ठेवले आणि बारीक सळईने हिरडीची खोली मोजली. सळई आत जातच राहिली.

"हिरडी दातापासून सुटली आहे. खालचं हाड झिजलंय."

"पण दुखत तर नाही हो!"

"दुखलं असतं तर वेळेवर आला असतात. रक्तातली साखर कधी तपासलीत?"

तपासली, वाढलेली निघाली. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, असे बाईंनी समजावले. खोलवर सफाई झाली, बाकीचे दात वाचले. समोरचे दोन वाचले नाहीत. त्यांच्या जागी बसवलेल्या कवळीला वरचा सूर पेलवत नाही. पहिल्या खुर्चीवर आता दुसरे कोणी बसते.

मित्रांनो, थुंकीत लाली दिसली तर ब्रशला किंवा पेस्टला दोष देत बसू नका. आरशात हिरड्या पाहा, दंतवैद्यांकडे जा. दुखण्याची वाट पाहू नका. माझी कडा घासायला नेली, त्याच दिवशी कोणी त्याच्यापुढे आरसा धरला असता, तर मी या फळीवर नसतो.

रोज तो हिरडीच्या कडेने हलक्या हाताने ब्रश फिरवतो. मग मला उचलून एकच खालचा सूर फुंकतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणते, "ऐकलं हो!" तो मला पुसतो आणि रुमाल दिव्याखाली धरतो. रुमाल पांढराच असतो.

"शाब्बास," तो म्हणतो. पण आरशात बघून.