पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जुना आहे, पण वापरलेला मात्र नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही आमच्या मालकांच्या घरी कधी गेलेला नाहीत एवढंच मी म्हणेन. सध्या मी बागेच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून पडलो आहे. मला तीन पाय उरले आहेत.

मी सागवानी लाकडाचा. मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या कडा घासून गोल केल्या, पाठ किंचित मागे झुकवली आणि पाणी साचू नये म्हणून बसायच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्या. दुकानात आलो तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आता त्याचं हसू येतं.

एके दिवशी दुकानात तिघं आली. मालक, मालकीणबाई आणि मालकांची थोरली बहीण. तिला घरात सगळे अक्का म्हणत. अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती भावाकडे राहायला आली होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की रोज बागेत चालायचं, दमलं की बसायचं आणि पुन्हा चालायचं, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. बागेत बसायला काहीच नव्हतं, म्हणून मंडळी बाक शोधत होती.

निवड अक्कानेच केली. मालकीणबाई रंग बघत होत्या, अक्का बसून बघत होती. दाराबाहेर उन्हात ठेवलेल्या लोखंडी बाकाला तिने हात लावला आणि चटकन मागे घेतला. वेताच्या खुर्चीत ती इतकी खोल गेली की भावाला तिला ओढून काढावं लागलं. प्लास्टिकची खुर्ची नुसतीच डुगडुगली. मग ती माझ्यावर बसली. तिने माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकले, जोर दिला आणि कुणाच्याही मदतीशिवाय उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"हाच घ्या," ती म्हणाली. "ह्याला धरून माझं मला उठता येतंय."

"पण लाकूड म्हटलं की पॉलिश आलं, व्याप आला," मालकीणबाईंनी नाक मुरडलं.

"नाही हो वहिनी, याला फारसं काही करावं लागत नाही," दुकानदार म्हणाला. "पाय मातीत ठेवू नका, खाली फरशी घाला. मधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. वर्षातून एकदा बोल्ट आवळा. रंग उडून राखाडी दिसेल, त्याने काही बिघडत नाही. आणि झाकलंत तर सैल झाका. वारा लागला पाहिजे त्याला."

माणूस सरळ होता. त्याने एवढं सगळं सांगितलं, पण 'याला काही करावं लागत नाही' एवढंच काय ते घेऊन मंडळी घरी गेली. मागोमाग टेम्पोतून मी.

आता या घराविषयी थोडं सांगितलं पाहिजे. मालकांना नव्या वस्तूंची भारी हौस. ती वस्तू नवीच राहावी म्हणून घरात डोळ्यांत तेल घालून पहारा असे. टीव्हीचा रिमोट पिशवीत. गाडीच्या सीटवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक. सोफ्यावरही तेच. पाहुणा उठायला लागला की त्यातून असा काही आवाज निघायचा की बिचारा लाजून पुन्हा खाली बसायचा.

टेम्पोवाल्याने मला बागेत उतरवलं. माझे मागचे पाय फुलझाडांच्या वाफ्यात गेले, पुढचे गवतात. तो अंगावरचं प्लास्टिक फाडायला लागला तेव्हा मालक धावत आले.

"अहो, राहू द्या, राहू द्या! काढताय काय?"

नुसतं राहू दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी वरून आणखी एक जाड कापड घातलं, तेही प्लास्टिकचंच, आणि खाली पायांना सुतळीने करकचून बांधलं. अक्का शेजारी उभी होती.

"अरे, मग मी बसू कुठे?"

"पायरीवर बस ना तोवर. पाहुणे आले की काढूच. आत्तापासून कशाला मळवायचा?"

अक्का पायरीवर बसू लागली. पायरी बुटकी, धरायला काही नाही. उठायची वेळ आली की ती हाक मारायची. सुरुवातीला मालक लगेच यायचे. मग "आलो, आलो" ऐकू यायचं आणि कुणी यायचं नाही. हळूहळू तिने बसणंच सोडलं. बसायची सोय नाही म्हणून मग चालणंही कमी केलं. एकदा घरी कुणी नसताना ती माझ्यापाशी आली. सुतळीची गाठ खाली पायांशी होती, आणि तिला वाकता येत नव्हतं. माझ्या झाकलेल्या हातावर हात ठेवून ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मालकांचा पहिल्यांदा राग आला. तो अजून गेलेला नाही.

इकडे आत माझे हाल चालले होते. झाडांना पाणी घातलं की ओल खालून आत शिरायची आणि वर जायला वाट नाही. उन्हाने वाफ धरायची, त्याच वाफेचं पाणी परत माझ्याच अंगावर. बोल्ट गंजले. वाफ्यातला एक पाय आतून भुसभुशीत झाला. बाहेरून पाहणारे मात्र कौतुक करायचे, "वा, किती जपलाय हो! अजून नवाच्या नवा!"

अशी वर्षं गेली. पाहुणे येत, पण त्यांना आत सोफ्यावरच बसवत. मग मालक नोकरीतून निवृत्त झाले आणि ऑफिसातले सोबती बागेत चहाला आले. त्या दिवशी माझी सुतळी सुटली.

"अगं बाई! हा काळा कशाने पडला?" मालकीणबाईंनी घाईघाईने माझ्यावर चादर टाकली.

चारचौघांत मालक रंगात आले होते. "ही आमची अक्का. खास तिच्यासाठी आणलाय हा बाक. बस गं अक्का, बस!"

अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. काठी बाजूला ठेवून ती माझ्यावर टेकली. मी सगळा जीव एकवटून उभा होतो, खरंच सांगतो. पण माझा तो वाफ्यातला पाय मोडला. ती कुशीवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड गेलं.

सगळं खापर माझ्यावर आणि दुकानदारावर फुटलं. "कुजकं लाकूड गळ्यात मारलं मेल्याने!" मालकीणबाई ओरडत होत्या. अक्का वेदनेने कण्हत होती, तरी म्हणाली, "त्याला नावं ठेवू नका. वाट बघून बघून कुजला तो."

तेव्हापासून मी इथे टाकीपाशी आहे, आणि समोरच्या खिडकीआड अक्काचा पलंग आहे. तिचं चालणं संपलं. उठून बसायलाही तिला दुसऱ्याचा हात लागतो, आणि दुसऱ्यांना नेहमीच काहीतरी काम असतं. काल तिने भावाला बोलावून घेतलं. खिडकी उघडी होती.

"त्या बाकाचा हात अजून चांगला आहे रे. तेवढा कापून माझ्या पलंगाला ठोकून दे. धरून उठेन माझी मी."

मालकांनी पलंगावरून हात फिरवला.

"भोकं पडतील गं अक्का. नवा आहे पलंग."

"बरं," अक्का म्हणाली.

मित्रांनो, जाता जाता काही शहाणपणाचं सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मग ऐका. बागेसाठी बाक घ्याल तर आधी बसून आणि उठून बघा. त्याचे पाय कोरडे ठेवा, बोल्ट आवळा, अंगाला वारा लागू द्या. एवढंही जमणार नसेल तर निदान ज्याच्यासाठी आणलात त्याला त्यावर बसू द्या. मळेल, झिजेल, त्याच्यावर चहा सांडेल. सांडू द्या. बाकाला त्याचं दुःख नसतं.

उद्या लाकडं नेणारा येणार आहे. माझे दोन्ही हात अजून भक्कम आहेत. इथून खिडकी चार पावलांवर आहे.