पेटीवरचं संशयी कुलूप

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावर तर मुळीच नाही.

एका सुताराने मला विकत आणलं, ते सख्ख्या भावापासून हत्यारं राखायला. धाकट्याने थोरल्याच्या रंध्याचं पातं धार लावायला कोरड्याच चाकावर धरलं होतं. चाकावर पाणी सोडायचा कंटाळा! पातं तापून निळं पडलं, पोलादाचा कस गेला. त्याने ते गुपचूप परत बसवलं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दाराची फळी रंधताना धार दुमडली आणि फळी वाया गेली. "मी हातसुद्धा लावला नाही," धाकटा म्हणाला. त्याच दिवशी त्याचं घरी येणं बंद झालं आणि मी पेटीवर चढलं.

नऊ वर्षं मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. किल्ली धन्यांच्या गळ्यात असे. पेटी सोडून ते कुठे जात नसत. बहिणीच्या लग्नातून जेवणाआधीच परतले. धाकट्याला मुलगी झाली, तिचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही. मला वाटे, शाबास, असाच धनी हवा.

घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होई. 'देवा, आम्ही दुसऱ्यांना करतो तशी तू आम्हाला क्षमा कर,' इथवर आलं की धनी खोकत.

"त्या ओळीलाच बरा खोकला येतो तुम्हाला," मालकीणबाई एकदा म्हणाल्या. धन्यांनी उगाच मला दोनदा ओढून पाहिलं.

मग एका दुपारी धाकटा दारात उभा राहिला. मान खाली, हात रिकामे. म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

"दादा, पातं मीच जाळलं होतं."

"निळं पातं सुताराला ओळखू येत नाही होय? तू खोटं बोललास, ते लागलं मला."

"चुकलो."

धन्यांनी गळ्यातली किल्ली काढली. मग म्हणाले, "मी दमलो रे. देवाकडे रोज माफी मागतो आणि तुला देत नाही. माफ केलं. पुन्हा चुकलास तरी हे मागे घेणार नाही."

ना साक्षीदार, ना हमी! मला संताप आला. धन्यांनी मला उघडून जमिनीवर ठेवलं, रंधा भावाच्या हातात दिला आणि पुतणीला बघायला ते त्याच्यासोबत निघाले. पेटी सताड उघडी. ते मागे वळून बघतील म्हणून मी वाट पाहिली. ते शीळ घालत गेले. नऊ वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

आता मी खिळ्यांच्या डब्यात गंजत पडलं आहे. पेटीतून एक पटाशीही नाहीशी झालेली नाही, तरी मी रोज मोजतं. मित्रांनो, कुलपांना वेळच्या वेळी तेल घाला, नीट जपा. पण कुणाला माफ करावं की नाही, हे कुलपाला कधी विचारू नका. आम्ही नाहीच म्हणणार.